पाठमोरी

"पुढे जायचं आणि तोंड मागे, ही कसली तऱ्हा!" लेकीचं वल्हवणं पाहून आई हसायची. नदीकाठच्या वस्तीतल्या पोरींना क्लबच्या सरांनी हौसेनं, फुकट शिकवलं होतं. आज लेक पहिल्यांदाच शर्यतीत उतरली. बोटी वस्तीसमोरूनच सुटणार होत्या, पण पोरीला जिंकताना बघायचं म्हणून झाडून सगळी वस्ती घरांना कुलपं लावून वळणापलीकडे, शेवटच्या रेषेपाशी जमली.

लेक आली ती वाऱ्यासारखी. बाकीच्या बोटी कितीतरी मागे. काठाला लागताच आईने तिला कवटाळलं. "अगं वेडे, पहिली आलीस! रडतेस काय?"



"जिंकायला नाही गं, तुम्हाला सांगायला आले. तिकडे आपल्या घरांवर बुलडोझर चालतोय."