पाठीची माती

तिसऱ्यांदा पत्रू घनश्यामच्या मिठीतून निसटला आणि सावली गावच्या आखाड्याभोवतीचे लोक खो खो हसले.

"मासोळी हाय रे ते! कायची हाती लागते?"

घनश्यामला हसू येत नव्हतं. आलापल्लीच्या सागवान डेपोत दोघांचा ओंडका तो एकटा फिरवायचा. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, गेली तरी दंगलीचं मानाचं पागोटं जुने मालगुजार रामाजीच बांधत, आणि गेली तीन वर्षं ते घनश्यामच्याच डोक्यावर होतं. समोर कोण, तर तलावात जाळं टाकणारा एक काटकुळा ढिवर! ढिवरांच्या मोहल्ल्यातून आखाड्यात उतरलेला पहिलाच. मग पकड का बसत नव्हती?

त्याचं कारण साऱ्यांनी पाहिलं होतं, ध्यानात कुणाच्याच आलं नव्हतं. कुस्ती लागण्याआधी दोघांनी एकमेकांच्या अंगाला माती चोळायची, म्हणजे घामावरून हात सरकत नाही. ही तिथली रीत. पत्रू माती घेऊन पुढे आला, तेव्हा घनश्याम नाक मुरडून मागे सरला होता. "मासोळीच्या वासाले कोण हात लावन?" पत्रूचं घामट अंग मातीविनाच राहिलं. गर्वाचं घर खाली म्हणतात, ते काही उगाच नाही.

तेवढ्यात पत्रू त्याच्या मागे गेला. घनश्यामचा पाय आखाड्याच्या मातीनं भरलेला होता, तो हातात पक्का आला. आता एक हिसका, की पैलवान आडवा. लोक उठून उभे राहिले.

पत्रूनं पाय सोडला.

खाली वाकून त्यानं माती घेतली. छाती माखली, दंड माखले. मग घनश्यामकडे पाठ करून बसला.

"पाठीले माहा हात नाई पुरत, भाऊ. तुमी लावा."

घनश्यामनं माती लावली, आधी बोटांनी, नंतर दोन्ही तळहातांनी. त्यानंतर कुस्ती दोन मिनिटंही चालली नाही. पत्रू चीत झाला.

रामाजी पागोटं घेऊन आले. पण घनश्यामला राहवत नव्हतं. "पाय हाती आला होता तुह्या. काऊन सोडला?"

पत्रू अंगावरची माती झाडत उठला. "निसटून जिंकलो असतो, तं लोक म्हनले असते मासोळी जिंकली. मले पैलवान म्हनून खेळाचं होतं. हरलो तं हरलो."

घनश्यामनं पागोट्याकडे पाहिलंच नाही. त्यानं वाकून मूठभर माती उचलली, पत्रूच्या हातात दिली आणि त्याच्याकडे पाठ करून खाली बसला.