सेन्सर खोटं बोलतोय

"अॅक्सिलरेटर हलकेच दाबा, काकू," गॅरेजात उघड्या बॉनेटच्या आडून मेकॅनिक म्हणाला.

ड्रायव्हरच्या सीटवर बसलेल्या काकूंनी पाय टेकवला. इंजिन गुरगुरलं, दोन आचके दिले आणि काळा धूर सोडून बंद पडलं. काकूंच्या जिवात जीव आला.

गाडी आज दुरुस्त व्हायला नको होती. उद्या लेक आणि चार वर्षांची नात स्टेशनवर उतरणार होत्या. लेक म्हणत होती, रिक्षाने येतो. काकांनी फोनवर ठणकावलं होतं, मी जिवंत असताना माझी नात भाड्याच्या गाडीतून येणार नाही.

आणि काकांना दिसत नव्हतं.

गेल्या आठवड्यात चौकात रस्ता ओलांडणारी बाई त्यांना दिसलीच नाही. काकू किंचाळल्या म्हणून ब्रेक लागला. बाई वाचली, तिच्या हातातली भाजीची पिशवी चाकाखाली गेली. काका म्हणाले, मध्येच तडमडली. डोळे दाखवू या म्हटल्यावर त्यांनी अबोला धरला. उभा जन्म बस चालवली, गाडीला कधी ओरखडा नाही. त्या माणसाला हे सांगणार कोण? काकू तेव्हापासून धड झोपल्या नव्हत्या. डोळा लागला की चाकाखाली काहीतरी यायचं, आणि ते भाजी नसायचं.

दोन दिवसांपूर्वी गाडी आपसूक आचके द्यायला लागली, तेव्हा काकूंनी देवाला हात जोडले होते. आज सकाळी काकांच्या नकळत त्यांनी मेकॅनिकला फोन केला. पार्ट मिळत नाही म्हण, एवढंच मागणं. तो बिचारा अवघडला. उस्तादांनीच मला स्टिअरिंग धरायला शिकवलं, त्यांच्याशी खोटं कसं बोलू, म्हणाला.

"दाबाचा सेन्सर वाटतोय, उस्ताद," मेकॅनिक आता काकांना सांगत होता. इंजिन किती हवा ओढतंय, हे तो सेन्सर कॉम्प्युटरला कळवतो. तो खोटं बोलला की पेट्रोल नको तेवढं पडतं. त्याने इंजिन पुन्हा सुरू करायला सांगितलं. "आकडा बघा जरा. तिशीच्या घरात उतरायला हवा."

आकडा दाखवणारा स्कॅनर काकूंच्या शेजारच्या सीटवर होता. काका खिडकीतून वाकले. स्क्रीनवर अठ्ठ्याण्णव होते, बोटभर उंचीचे.

"अडतीस," काका म्हणाले.

काकूंनी स्क्रीनकडे पाहिलं. एवढा ठळक आकडाही दिसू नये? त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. चुकतोय तर चुकू दे. मेकॅनिक भलतीकडे शोधत बसेल आणि दिवस निघून जाईल.

पण मेकॅनिक स्वतःच डोकावला. "उस्ताद, अठ्ठ्याण्णव आहे की."

"चष्मा घरी राहिला रे," काका म्हणाले.

चष्मा नाकावरच होता. मेकॅनिकने तो पाहिला, काकूंकडे पाहिलं आणि तो बॉनेटकडे वळला. काकाही त्याच्या मागे गेले.

इंजिन बंद झालं. बॉनेटखालच्या फटीतून काकूंना आता फक्त हात दिसत होते. मेकॅनिकने सेन्सर काढून हातपंपाने त्यातली हवा ओढली, तसा स्क्रीनवरचा आकडा भराभर उतरला. म्हणजे सेन्सर धडधाकट. मग त्याने रबरी नळी काढून फुंकली. तीही मोकळी. एकेक गोष्ट शाबूत निघत होती. उरलं होतं फक्त इंजिनावरचं नळी बसवायचं तोंड. मेकॅनिकने त्यात चिमटा घातला आणि बराच वेळ कसलीशी खटपट केली.

मग खिडकीत त्याचा चेहरा आला. त्याने हळूच मूठ उघडली. तळहातावर रबराचा बारीक बोळा होता, नीट मापात कापलेला.

"हे आपोआप जात नाही, काकू," तो कुजबुजला. "कुणीतरी कोंबलंय. तुम्ही?"

काकूंनी नाही म्हणून मान हलवली. हे इंजिनात घालणारा आपल्या अंगणात शिरला कधी? आणखी काय काय करून गेला असेल?

मेकॅनिकचा विश्वास बसलेला दिसला नाही. "असू द्या," तो म्हणाला. "मी उस्तादांना काही बोलत नाही. पण गाडी आता सुरू होणार. माझा नाइलाज आहे."

तो परत पुढे गेला. काकूंनी स्टिअरिंग घट्ट धरलं. नातीला मागच्या सीटवर कुठे बसवायचं, याचा विचार त्या करू लागल्या. मधोमध. दोन्ही बाजूंना उशा. स्वतः पुढे बसायचं आणि प्रत्येक वळणावर ओरडायचं.

"सापडलं, उस्ताद," मेकॅनिक पलीकडून मोठ्याने म्हणाला. "काही नाही, कचरा अडकला होता."

बॉनेटखालच्या फटीत काकांचा हात आला. तो चाचपडत मेकॅनिकच्या मुठीपर्यंत पोचला आणि तिथेच थांबला.

"कचरा नाही तो," काका अगदी हळू म्हणाले. "होता तिथं परत घाल. आणि हिला कळू देऊ नकोस, घाबरेल."