गोजाबाईचं ऊन

"तेरा." सिद्धेश्वरी डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा वाचला. तीन महिन्यांपूर्वी चौदा होतं. व्हिटॅमिन डी वाढायचं सोडून एकानं उतरलं होतं.

गोजाबाईनं खुर्चीत अंग चोरलं. तेरा काय नि चौदा काय, तिला त्याचं काय? पण पोरानं, धनाजीनं, घरातून निघतानाच बजावलं होतं. रिपोर्ट चांगला आला तर गावाकडं जा. न्हाय आला तर रविवारी व्यापारी बोलावतो आणि चाळीसच्या चाळीस मेंढरं विकून टाकतो. तिकडं सांगोल्याच्या माळावर तिचा नवरा धुळा एकटाच मेंढरं राखत होता. मेंढरं गेली की तोही येणार, सोलापुरात पोराच्या शुक्रवार पेठेतल्या फ्लॅटमध्ये टीव्ही बघत बसायला. आईबापाला कोंडून घालायचं आणि त्याला सेवा म्हणायचं, अशी शहरात गेलेल्या पोरांची रीतच झालीय.

तसं सांध्यांचं बरं चाललं होतं. संधिवातानं वांग्यासारखी सुजलेली बोटं आठवड्यातनं एकदा घ्यायच्या गोळ्यांनी उतरली होती. चहाचा कप धरवत नव्हता तिथं ती आता कणीक मळत होती, सून सोनम बघत नसली की. या दुखण्यात डी पुष्कळांचं कमी असतं, हाडं जपायला हवीत, म्हणून डॉक्टरांनी रोज गच्चीवर अर्धा तास ऊन खायला सांगितलं होतं. सोलापुरात दुसरं काही कमी पडेल, ऊन नाही.

"मावशी, खरं सांगा. उन्हात बसता का?"

गोजाबाईला राग आला. तीन जिने चढून, दहाच्या ठोक्याला, पाण्याच्या टाकीशेजारी ती बसत होती. साडेदहाला सून खालनं हाक मारायची. एक दिवस खाडा नव्हता. पाहिजे तर सोनमला फोन लावा, म्हणाली.

 डॉक्टरांचा पेन चालू झाला. लिव्हर, किडनी, आणखी काय काय. कागद भरत चालला तसा शेजारी बसलेला धनाजी म्हणायला लागला, बघा की, म्हणूनच मी म्हणतोय, मेंढरं नकोत आता. चौथ्या तपासणीवर पेन थांबला.

"कशा बसता, ते दाखवा बरं."

दवाखान्यातल्या एसीची धास्ती म्हणून गोजाबाईनं काळं घोंगडं पिशवीत आणलेलंच होतं. तिनं ते काढलं, खोळ केली, डोक्यावरनं ओढली. हात आत घेतले, पाय वर घेतले. खुर्चीत काळं गाठोडं उरलं. त्यातनं नाकाचा शेंडा तेवढा दिसत होता.

"अशी," गाठोडं म्हणालं.

डॉक्टरांनी आधी ओठ दाबून धरले, मग हसू आवरेना. पण चूक कुणाची? उन्हात बसा म्हणाल्या होत्या, हात उघडे टाका असं कुठं म्हणाल्या होत्या? घोंगड्याशिवाय उन्हात बसणाऱ्याला धनगराच्या घरात खुळा म्हणतात, हे त्यांना कॉलेजात कोण शिकवणार? डॉक्टरांचं एक सोडा. धनाजी तर याच घोंगड्यात लहानाचा मोठा झालेला. आईचं ऊन बघायला तीन महिन्यांत एकदाही गच्चीवर गेला नव्हता.

डॉक्टरांनी समजावलं, हात कोपरापर्यंत तरी उघडे पाहिजेत.

"बसल्यालं माणूस घोंगडं घेणारच की, बाई," गोजाबाई गाठोडं सोडत म्हणाली. "मेंढरामागं कोण घेतंय? लोकर कातरताना हात उघडंच लागत्यात."

"आणि कातर धरवेल?" डॉक्टरांनी आपली दोन बोटं पुढं केली. "दाबा बघू."

गोजाबाईनं त्या बोटांकडं बघितलंच नाही. पळत्या मेंढराचा पाय धरावा तसं तिनं शेजारी बसलेल्या पोराचं मनगट धरलं. धनाजी हसला, हात ओढला. पुन्हा ओढला. हसू गेलं.

"आये, सोड की. दुखतंय."

"व्यापाऱ्याला काय सांगणार?"

धनाजीनं डॉक्टरांकडं बघितलं. त्या तपासण्यांवर काट मारत होत्या. गोळ्या चुकवायच्या नाहीत, म्हणाल्या, आणि रक्त तपासायला दर दोन महिन्यांनी यायचं, मेंढरं माळावर सोडून.

"येऊ नको म्हणतो," धनाजी म्हणाला.

बाहेर सात रस्त्याच्या चौकात बाराचं ऊन भाजत होतं. पोलक्याच्या बाह्या वर सारून गोजाबाई सांगोल्याची गाडी धरायला एसटी स्टँडच्या वाटेला लागली. मागनं धनाजी चालला होता, तिचं घोंगडं डोक्यावर घेऊन.