कॅमेऱ्यातली ऊब

हे गेल्यापासून घरात मी एकटीच. म्हणून देवाचं नाव घेऊन घर विकायचं आणि मुलाकडे राहायला जायचं ठरवलं. घेणाऱ्यांनी आधी घर तपासणारा माणूस पाठवला.

त्याच्या कॅमेऱ्यात ओल निळी दिसायची, ऊब पिवळी.

"काकू, ओल कुठेच नाही. घर ठणठणीत आहे, आपल्या दोघांनाही पुरून उरेल!"

मीही हसले.

आतल्या खोलीत मात्र तो थबकला. पलंगाशेजारच्या भिंतीवर पिवळा तळहात उमटला होता.

"इथे आत्ता कोणी हात टेकला?"

"आपण दोघंच तर आहोत रे, बाळा."

उठताना तिथे हात टेकायची ह्यांना सवय होती.

"हाताची ऊब टिकत नाही. जाईल आत्ता," तो म्हणाला.

ठसा खरोखरच विरला. पण पुढे, दाराजवळच्या भिंतीवर, दुसरा उमटला. तोही विरला आणि तिसरा बाहेरच्या खोलीत दिसला.

तिथे माझी भरलेली बॅग उभी होती. तिच्या हँडलवर चार पिवळी बोटं होती.

आम्ही ती विरायची वाट पाहत राहिलो. ती अधिकच गडद होत गेली.