फाटकावरचा आकडा

न्यूझीलंडमधली मोतुएका नदी चढत होती. पुराचा भोंगा मुकाच होता. त्याच्या चिपसाठी कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम चिपच्या भाषेत उतरवणारं साधन, लिहिणारी मेरेआना रडकुंडीला आली होती. कंपायलरनं बनवलेला कोड पाणीपातळीच्या नोंदी वाचताना मेमरीत भलत्याच पत्त्यावर धडकत होता. नदीकाठी राहणारी आई हटून बसली होती, "भोंगा वाजला तरच निघेन." तेवढ्यात आईचं पार्सल नेणाऱ्या नव्या कुरिअरवाल्याचा फोन आला. "ताई, पंचेचाळीस नंबर कुठंय? इथं तर सहाच घरं!" "अहो, तो आकडा घरांचा नाही, अंतराचा! रस्त्याच्या सुरुवातीपासून दर दहा मीटरला एक..." ती थबकली. कंपायलरही पाचवी नोंद पाचव्याच कप्प्यात शोधत होता. एकेक नोंद तर चार कप्पे व्यापत होती! तिनं चारचा गुणाकार घालून भोंग्याला नवा कोड धाडला. तोवर कुरिअरवाला साडेचारशे मीटरवरच्या फाटकाशी पोचला होता. चालू फोनमधून भोंगा किंचाळला. मागोमाग आईचा आवाज: "पार्सल राहू दे बाबा, मलाच ने!"