तीच ओळ

दिवाळीपासून शिवकन्येच्या डाव्या हाताचं एक बोट अडकायला लागलं होतं. वाकलं की लवकर सरळच व्हायचं नाही. बीदरच्या डॉक्टरांनी काही महिने गिटार बंद ठेवायला सांगितलं, पण धाकट्या भावाला, नागेशला, तिनं ते कळू दिलं नाही. तो गायचा, ती वाजवायची. त्यानं दुसरा गिटारवाला आणला तर आपण घरीच बसू, ही धास्ती तिला झोपू देत नव्हती. हळ्ळीखेडला जयंतीच्या कार्यक्रमात, ऐन गाण्यात, बोट तारेवर अडकलं. पुढच्या ओळीचा कॉर्ड, तारांवरची ती बोटांची पकड, धरता येईना. ती आधीचाच कॉर्ड वाजवत राहिली. नागेशनं वळून तिच्या बोटाकडं पाहिलं. तिला वाटलं, आता हा थांबणार. पण तो थांबला नाही, पुढंही गेला नाही. तीच ओळ पुन्हा गायला, मग पुन्हा. लोकांना वाटलं मुद्दामच चाललंय. त्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. शेवटी बोट कट्कन सुटलं. तिनं कॉर्ड बदलला, तसा तोही पुढच्या ओळीवर सरकला. गाणं संपल्यावर माइक बाजूला धरून त्यानं विचारलं, "अक्का, कवापासून अडकायलंय?" "दिवाळीपासून." "मग सांगितलीस कामून न्हाई?" "दुसऱ्याला आणशील म्हणून."  नागेश स्टूल ओढून, लोकांकडं अर्धी पाठ करून, तिच्या हातासमोर बसला. "वाजव," तो म्हणाला. "तू कॉर्ड बदललीस की मी पुढची ओळ घेतो."