जोधपूरचा रिकामा पिंजरा

१९५६ साली राज्यांची फेररचना झाली, तेव्हा देवकाबाईंचं गाव पांढुर्णा मध्यप्रदेशातच राहिलं. त्या हिवाळ्यात विधवा देवकाबाई मुलाकडे, मुकुंदकडे, जोधपूरला गेल्या. एका दुपारी त्यानं त्यांना बागेतले प्राणी दाखवायला नेलं.

शेवटचा पिंजरा रिकामा होता. आत नुसती वाळू. दोघं पुढे निघाले, तोच आतून हाक आली, "देवके, चाल घरी."

मुकुंद पांढराफटक पडला. "माय, बाबा बोलून राहिले. पळ इथून."

देवकाबाई मात्र गजांपाशी गेल्या. "जन्मभर तुमच्या हाकेवर धावली मी. आता नाही येत. तुम्हालेच यायचं असन, तर या बाहीर."

वाळूवर अनवाणी पावलं उमटत दारापर्यंत आली.

देवकाबाई हलल्या नाहीत.

दाराची बाहेरची कडी सावकाश सरकली.